‘कोण’ आणि ‘जो’ : इंग्रजी वाक्याच्या पोटातील वाक्ये

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षांच्या शाळेच्या समारंभात मुख्याध्यापिकेने बोलावयाचे म्हणजे संस्थापकांचे स्मरण, निकालांचा आलेख आणि इमारत निधीचे आवाहन ही ठरलेली वाट. ती वाट आज अध्यक्ष आणि कार्यवाह आधीच चालून गेले आहेत. म्हणून ज्या विषयाने मला इतकी वर्षे भाकरी दिली, त्या विषयावर बोलण्याची परवानगी मी मागून घेतली. विषय आहे इंग्रजी व्याकरणातील ‘क्लॉज’, म्हणजे उपवाक्य. हे ऐकताच पुढच्या रांगेतील काही माजी विद्यार्थ्यांनी एकमेकांकडे पाहिले, तेही मी पाहिले.

दर वर्षी जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी एक प्रश्न माझ्या टेबलासमोर येऊन बसतो. ‘बाई, मुलाला मराठी माध्यमात घातले तर त्याच्या इंग्रजीचे काय?’ पुण्यात किंवा नाशकात हा प्रश्न विचारणाऱ्याच्या भोवती निदान रस्त्यावर तरी मराठी असते. आपल्या हैदराबादेत शेजारी तेलुगू, बाजारात दखनी, नोकरीच्या ठिकाणी इंग्रजी. मराठी ती घराच्या चार भिंतींत आणि या शाळेच्या आवारात. अशा शहरात मुलाच्या पाठीवर मराठीचे आणखी एक ओझे कशाला, असे एखाद्या वडिलांना वाटले तर त्यांचा मला राग येत नाही. परंतु या प्रश्नाला मराठीच्या गौरवाची भाषणे करून उत्तर देता येत नाही, असे माझे मत आहे. उत्तर वर्गात, फळ्यावर, एखाद्या अवघड जागी द्यावे लागते. क्लॉज ही तशी जागा आहे.

प्रथम एक कबुली. शिक्षिका म्हणून माझी पहिलीच काही वर्षे चालू होती. मी क्लॉज शिकवीत असे तो खुणांच्या आधारे. ‘दॅट’ दिसला की नाऊन क्लॉज, म्हणजे नामवाक्य. ‘हू’, ‘व्हिच’ दिसले की ॲडजेक्टिव्ह क्लॉज, म्हणजे विशेषणवाक्य. ‘व्हेन’, ‘व्हेअर’, ‘इफ’ दिसले की ॲडव्हर्ब क्लॉज, म्हणजे क्रियाविशेषणवाक्य. मुलांना हे आवडे, कारण वाक्य न वाचताच उत्तर लिहिता येत असे. मलाही आवडे, कारण चाळीस वह्या अर्ध्या तासात तपासून होत. सहामाही परीक्षेत एक वाक्य होते : ‘आय आस्क्ड हिम हू हॅड कम.’ नववीतील एका मुलीने त्यातील उपवाक्य नामवाक्य असल्याचे लिहिले. मी त्यावर फुली मारली. ‘हिम’च्या लगेच मागे ‘हू’ उभा आहे, तेव्हा ते ‘हिम’चे विशेषण, असा माझा हिशेब, आणि ज्या मार्गदर्शकाच्या आधारे मी शिकवीत होते त्यातही उत्तर तसेच छापलेले होते.

ती मुलगी पेपर घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “बाई, याचा अर्थ ‘जो आला होता त्याला मी विचारले’ असा नाही ना? ‘कोण आले होते, ते मी त्याला विचारले’ असा आहे. मग काय विचारले, याचे ते उत्तर झाले.”

मी तिला सांगितले, “अग, पुस्तकात असेच दिले आहे. जा, जागेवर बैस.”

ती बसली. पुढच्या वर्षी तिच्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब हैदराबाद सोडून गेले. तिचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते, हे मला नंतर उमगले. आणि तिने एका वाक्यात जे सांगितले होते तेच माझ्या पुढच्या सगळ्या शिकवण्याचा पाया झाले. तिचा एक गुण अजून माझ्याकडे बाकी आहे. आजच्या सभागृहात ती असेल तर तिने येऊन तो घेऊन जावा.

तिने काय पाहिले होते, ते जरा सावकाशीने सांगते. इंग्रजीत ‘हू’ हा एकच शब्द दोन कामे करतो. तो प्रश्न विचारतो आणि तोच दोन वाक्यांना जोडतो. ‘व्हेन’, ‘व्हेअर’, ‘व्हिच’ यांचेही तसेच. मराठीत मात्र या दोन कामांना दोन वेगळी घराणी आहेत. प्रश्नाचे घराणे ‘क’चे : कोण, कोणता, कधी, कुठे, कसा. संबंधाचे घराणे ‘ज’चे : जो, जेव्हा, जिथे, जसा, जर. जी फारकत इंग्रजी दाखवीत नाही, ती मराठी मुलाच्या जिभेवर तिसऱ्या वर्षापासून आहे. ‘कोण’ म्हणावयाचे तेथे ‘जो’ म्हणणारे मराठी मूल मी अजून पाहिलेले नाही.

आता ‘व्हेअर’ची तीन वाक्ये घ्या. ‘टेल मी व्हेअर यू लिव्ह.’ मराठीत : तू कुठे राहतोस, ते मला सांग. ‘क’ आला. काय सांग, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हे सबंध उपवाक्य, ते नामाचे काम करते, म्हणून नामवाक्य. दुसरे : ‘धिस इज द हाउस व्हेअर आय लिव्ह.’ ज्या घरात मी राहतो, ते घर हे. ‘ज’ आला आणि त्याचा जोडीदार ‘ते घर’, म्हणजे नामाला धरून आला, म्हणून विशेषणवाक्य. तिसरे : ‘सिट व्हेअर यू लाइक.’ जिथे आवडेल तिथे बस. पुन्हा ‘ज’च, परंतु जोडीदार ‘तिथे’, तो क्रियापदाला चिकटला; म्हणून क्रियाविशेषणवाक्य. खुणेचा शब्द तिन्ही ठिकाणी एकच, काम मात्र तीन वेगवेगळी. खुणा पाठ करणारे मूल येथे तीनपैकी दोनदा चुकणार. मराठीत वाक्य मनाशी म्हणून पाहणारे मूल तिन्ही वेळा बरोबर येते.

त्या जोडीदाराकडे आपण फारसे लक्ष देत नाही, परंतु खरी मेख त्याच्यापाशी आहे. जो तो, जेव्हा तेव्हा, जिथे तिथे, जसा तसा, जर तर. मराठीत ‘ज’ सहसा एकटा फिरत नाही. इंग्रजीत जोडीदार बहुधा गाळलेला असतो, म्हणून तेथे उपवाक्य कोणाला लोंबकळते आहे हे शोधावे लागते. मराठीत तो जोडीदार हात वर करून उभा असतो. ‘इफ’चेही पाहा. ‘आस्क हिम इफ ही विल कम’ : तो येईल का, असे त्याला विचार. ‘इफ ही कम्स, टेल हिम’ : जर तो आला, तर त्याला सांग. पहिल्यात ‘का’, दुसऱ्यात ‘जर-तर’. पहिले नामवाक्य, दुसरे क्रियाविशेषणवाक्य. ‘इफ’ हा नेहमी अटच घालतो असे शिकलेली मुले पहिल्या वाक्यात हमखास फसतात.

‘दॅट’ थोडा लबाड आहे. ‘द न्यूज दॅट ही ब्रॉट वॉज फॉल्स’ : त्याने जी बातमी आणली, ती खोटी होती. येथे विशेषणवाक्य. ‘द न्यूज दॅट ही हॅड कम वॉज फॉल्स’ : तो आला आहे, ही बातमी खोटी होती. येथे ‘जी’ घालून पाहा, वाक्य उभेच राहत नाही. येथील उपवाक्य बातमीचे वर्णन करीत नाही. तेच बातमी आहे. म्हणून ते नामवाक्य, बातमीच्या शेजारी बसविलेले. दहावीच्या वर्गात या दोन वाक्यांवर मी एक सबंध तास घालविते आणि तो वाया गेला असे मला कधी वाटले नाही.

ही युक्ती रामबाण आहे असे मात्र समजू नका. ‘व्हॉट आय से इज ट्रू’ घ्या. मी जे सांगतो, ते खरे आहे. ‘ज’ आला, ‘ते’ही आले, तरी शालेय व्याकरण याला नामवाक्यच म्हणते, कारण या ‘व्हॉट’ने ‘जे’ आणि ‘ते’ दोन्ही गिळून टाकले आहेत आणि बाहेर विशेषणाने वर्णन करावे असे नाम उरलेलेच नाही. अशा वेळी मुलांना मी सांगते की मराठीने दार उघडून दिले, आता आत जाऊन पाहणे तुमचे काम.

वाक्यपृथक्करणाची ही सगळी रीत आपल्याकडे इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवरच आली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 चे आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 चे. दामले हे कवी केशवसुतांचे बंधू, ही माहिती मी वर्गात मुद्दाम सांगते. कवीच्या घरात व्याकरणही नांदते, एवढे मुलांना कळले तरी पुरे. दामल्यांचा तो जाडजूड ग्रंथ शाळेच्या कपाटात आहे. त्यावरची धूळ झटकणारे विद्यार्थी थोडे, परंतु आहेत.

आपल्या शहराविषयीही येथे काही सांगावेसे वाटते, कारण या बाबतीत हैदराबादचे मूल मला पुण्याच्या मुलापेक्षा भाग्यवान वाटते. ‘काल जो माणूस आला तो’ हेच आपण मराठीत ‘काल आलेला माणूस’ असेही म्हणतो. शेजारच्या घरातील तेलुगू मूल म्हणते, ‘निन्न वच्चिन मनिषि’. शब्दाला शब्द ठेवला तर ‘काल आलेला माणूस’. तेलुगूची मूळ चाल ही, आणि मराठीच्या हातात दोन्ही चाली. तसेच ‘मी येतो म्हणून तो म्हणाला’ यातला ‘म्हणून’ घ्या. तेलुगूत त्याच जागी ‘अनि’ येतो आणि आपल्या बाजारातील दखनीत ‘बोलके’ : ‘आतूं बोलके बोला’. या बोलण्याची थट्टा सिनेमात पुष्कळ झाली आहे. परंतु म्हणून, अनि, बोलके, या तिन्हींचा मूळ अर्थ एकच, ‘असे बोलून’. आणि तिघे मिळून इंग्रजीतील ‘दॅट’चेच काम करतात. फरक एवढाच की ‘दॅट’ उपवाक्याच्या पुढे चालतो आणि हे तिघे मागून येतात. भाजीवाल्याचे बोलणे आणि व्याकरणाचे पुस्तक यांत असे नाते आहे हे कळले, त्या दिवशी माझ्या वर्गातील सर्वांत मागच्या बाकावरचा मुलगा पहिल्यांदा पुढे येऊन बसला.

परंतु ‘आलेला’ याच शब्दापाशी धोकाही आहे. ‘काल आलेला माणूस’ यात वाक्य नाही. ‘आलेला’ हे धातुसाधित आहे, त्याने वाक्य पुरे होत नाही. इंग्रजीतही ‘द बॉइज प्लेइंग ऑन द ग्राउंड आर फ्रॉम अवर स्कूल’ यात ‘प्लेइंग’ दिसते म्हणून पुष्कळ मुले दोन क्लॉज मोजतात. एकच आहे. म्हणून पहिला नियम असा : आधी वाक्य पुरे करणारी क्रियापदे मोजा, जितकी क्रियापदे, तितकी वाक्ये. उलट, ‘द बुक आय बॉट यस्टर्डे इज लॉस्ट’ यात जोडणारा शब्द कोठेच दिसत नाही, परंतु ‘बॉट’ आणि ‘इज लॉस्ट’ अशी दोन क्रियापदे आहेत. तेव्हा उपवाक्य आहेच, ‘व्हिच’ तेवढा घरी राहिला आहे. आपल्या म्हणींतही असे चालते. ‘हसतील त्याचे दात दिसतील’ यात ‘जे’ गाळलेला. ‘खाईन तर तुपाशी’ यात ‘जर’ गाळलेला. अर्थ कोणाला विचारावा लागत नाही.

मराठी जेथे आडवी येते, तेही लपवून ठेवणे बरे नव्हे. आपण म्हणतो, ‘मी थकलो आहे, असे तो म्हणाला’; बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. इंग्रजीत ‘ही सेड दॅट ही वॉज टायर्ड’. सर्वनाम बदलले, काळही मागे सरकला. येथे मराठीच्या मागे जाणारे मूल खड्ड्यात पडते आणि त्याला सरावावाचून उपाय नाही. दुसरा खड्डा भविष्यकाळाचा. ‘तो येईल तेव्हा मी सांगेन’, म्हणून मुले लिहितात ‘व्हेन ही विल कम’. हे चूक; ‘व्हेन ही कम्स’ हवे. मात्र ‘तो कधी येईल ते मला ठाऊक नाही’ यासाठी ‘आय डू नॉट नो व्हेन ही विल कम’ हेच बरोबर. ‘व्हेन’नंतर ‘विल’ लिहू नका, असा अर्धा नियम कित्येक वर्षे शिकविला जातो आणि मग मुले दोन्हीकडे चुकतात. मराठीत ‘कधी’ आले तर ‘विल’ चालतो, ‘तेव्हा’ आले तर चालत नाही. म्हणजे ज्या मराठीने खड्डा खणला, तीच त्याच्या काठावर पाटीही लावून ठेवते.

एवढे करून उपयोग काय, असे एखाद्या पालकांच्या मनात असेल. गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. आपल्याच शाळेत शिकलेले एक गृहस्थ, आता पालक, क्लॉजचा विषय निघाला तेव्हा हसून म्हणाले, “बाई, क्लॉज आम्हाला आता भाड्याच्या करारातच भेटतात.” करारातील कलमालाही इंग्रजीत क्लॉजच म्हणतात, त्यावरचा तो विनोद होता. परंतु चार दिवसांनी ते खरोखरच करार घेऊन आले. दुसरीकडे स्वस्तात घर मिळत होते, दोन महिने आधीच राहते घर सोडावयाचे होते आणि अनामत रक्कम परत मिळणार, अशी त्यांची खात्री होती. कारण करारात तसे लिहिले होते. वाक्य साधारण असे होते : ‘द ओनर शॅल रिटर्न द डिपॉझिट व्हिच द टेनंट हॅज पेड, अनलेस द टेनंट लीव्ह्ज बिफोर द टर्म एण्ड्ज.’

त्यांचा मुलगा नववीत होता. मी त्याला बोलावून कराराची झेरॉक्स त्याच्या हातात दिली आणि म्हटले, “क्रियापदे मोज.” त्याने लाल पेनाने चार क्रियापदांखाली रेघा ओढल्या. मुख्य वाक्य : मालक अनामत परत करील. कोणती अनामत? भाडेकरूने जी भरली आहे ती, विशेषणवाक्य. ‘अनलेस’ला तो जरा अडखळला. मी म्हटले, मराठीत म्हणून पाहा. तो म्हणाला, “जर भाडेकरूने घर सोडले नाही, तर.” वडील तेथेच खुर्चीत पुढे सरकले. राहिले ‘बिफोर द टर्म एण्ड्ज’. ते मुलाने मुख्य वाक्याला जोडले : मुदत संपण्यापूर्वी मालक पैसे परत करील. वडिलांचा चेहरा क्षणभर उजळला, कारण त्यांना हवे होते ते हेच. मी विचारले, मुदतीपूर्वी काय होण्याची गोष्ट चालली आहे, पैसे देण्याची की घर सोडण्याची? मुलाने वाक्य पुन्हा वाचले, आपला बाण खोडला आणि ‘लीव्ह्ज’कडे वळविला. उपवाक्याच्या पोटात आणखी एक उपवाक्य.

मग त्याने वडिलांना सबंध वाक्य मराठीत सांगितले, “बाबा, मुदत संपण्यापूर्वी आपण घर सोडले नाही, तरच आपण भरलेली अनामत ते परत देतील.” वडिलांनी कागद त्याच्या हातातून घेतला, स्वतः एकदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. दोन महिने ते त्याच घरात राहिले. नवे घर हातचे गेले, परंतु अनामत पुरी मिळाली. नव्या कराराची प्रत ते मे महिन्यात घेऊन आले, तेव्हा शाळेला सुट्टी होती. म्हणून त्यांनी ती मुलालाच वाचावयास दिली. त्याने रेघा ओढलेला तो कागद जून उजाडताच माझ्याकडे आणून दाखविला. त्यात क्रियापदे सात होती आणि सातव्यापाशी आमच्या दोघांचे अजून एकमत झालेले नाही.